महाकायपटांतील परिमाणाचा प्रश्न

जपानी भाषेत 'काइजू' असा एक शब्द आहे. त्यातील 'काइ' या घटकाचा अर्थ विलक्षण, बुद्धीला न उमगणारा. 'जू' म्हणजे पशू. त्याच्या आधी 'दाइ', म्हणजे 'महा', लागला की 'दाइकाइजू' हा शब्द सिद्ध होतो आणि समुद्रातून वर येऊन नगरे तुडविणाऱ्या प्राण्यांच्या चित्रपटांना तो लावला जातो. मराठीत या चित्रप्रकाराला रूढ नाव नाही. 'राक्षसपट' म्हणावे तर आपला राक्षस बोलतो. त्याला कुळ असते, मिळालेला वर असतो, भोगावयाचा शाप असतो. काइजूजवळ यातले काहीच नसते. 'भयपट' हा शब्द भुताखेतांनी केव्हाच अडवून ठेवला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात 'महाकायपट' हा शब्द योजिला आहे. तो फार सुंदर आहे असे नव्हे. पण या प्रकाराचे जे एकमेव अपरिहार्य लक्षण, म्हणजे आकारमान, त्याच्यावर तो बोट ठेवतो आणि लेखाचा विषयही तोच आहे.

विभागाच्या संशोधन-पत्रिकेत अशा चित्रपटांना जागा द्यावी काय, असा प्रश्न काही सहकारी विचारतील. प्रस्तुत लेखक या चित्रपटांचा लहानपणापासूनचा चाहता आहे, ही गोष्ट प्रारंभीच सांगून टाकलेली बरी. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' ही जपानी मालिका लागे, तेव्हापासूनचा हा नाद आहे. पुढे १९९४ साली हिंदीत भाषांतरित होऊन आलेल्या 'जुरासिक पार्क'ने तो पक्का केला. परंतु आवड हे काही समर्थन नव्हे. समर्थन आहे ते असे की, 'मोठा' या विशेषणाचा अर्थ काय, हा अर्थविचारातील एक जुना आणि अवघड प्रश्न या चित्रपटांनी पडद्यावर मांडला आहे. त्यातील काहींनी तो सोडविला आहे आणि अलीकडच्या बहुतेकांना तो प्रश्न आहे याचाच विसर पडला आहे.

'काळा', 'लाकडी', 'विवाहित' या विशेषणांहून 'मोठा' हे विशेषण वेगळे आहे. मोठी मुंगी ही लहान हत्तीहून लहानच असते आणि तरीही दोन्ही विधाने खरी असतात. 'मोठा' म्हणताना आपण मनातल्या मनात एक तुलनेचा वर्ग गृहीत धरीत असतो. तो वर्ग काढून घेतला की शब्द पोकळ होतो. मराठी ही गोष्ट फार उघडपणे मान्य करते. आपली जुनी मापे पाहावीत: पाणी गुडघाभर, कमरेएवढे, पुरुषभर, दोर वावभर, आणि याहून खोल असेल तर हत्तीबुड. माप म्हणजे कोणाचे तरी शरीर. 'एवढा' हा शब्द तर हाताची खूण केल्याशिवाय पुरताच होत नाही. शेतातून परतलेला माणूस 'एवढा मोठा साप' असे म्हणतो तेव्हा त्याचे वाक्य निम्मे तोंडात आणि निम्मे दोन तळहातांमधील अंतरात असते.

हेच तत्त्व दगडात पाहावयाचे असेल तर चंद्रपूरकरांना दूर जावयास नको. परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचे जे चिन्ह कोरले आहे त्यात सिंहाने हत्तीला पायाखाली घातले आहे. त्या शिल्पातील सिंह प्रत्यक्ष मोजला तर फार मोठा भरणार नाही. तो प्रचंड वाटतो याचे कारण कारागिराने त्याच्या पंज्यांखाली ठेवलेला हत्ती. ज्याच्या नावाने आपण खोल पाण्याचे माप करतो तोच प्राणी येथे मापाचा दांडा झाला आहे. त्या कारागिराने सिंह मोठा केला नाही, हत्ती लहान केला. महाकायपटाचे सारे शास्त्र या एका युक्तीत आहे, असे मला वाटते.

आता काही आकडे पाहू. १९५४ च्या पहिल्या 'गोजिरा'ची उंची ५० मीटर होती. २०१४ च्या अमेरिकन चित्रपटात ती १०८ मीटर झाली. २०१६ च्या 'शिन गोजिरा'त ११८.५ मीटर, २०१७ च्या एका जपानी सचेतपटात तीनशे मीटरांच्याही पुढे गेली. 'काँग' या वानराचीही तीच कथा. २०१७ साली तो सुमारे ३२ मीटर होता. २०२१ साली गोजिराशी कुस्ती करावयाची म्हणून शंभर मीटरांच्या वर वाढला. आकडे असे चढत गेले. पण पाहणाऱ्याच्या अनुभवाला विचारावे: यांतला सर्वांत मोठा कोण? तीनशे मीटरांचा तो प्राणी एखाद्या टेकडीसारखा दिसतो, आणि टेकडीची भीती कोणालाच वाटत नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर उत्तर दोनच चित्रपटांत सापडते. एक १९५४ चा, आणि दुसरा २०२३ चा 'गोजिरा मायनस वन', ज्यात दिग्दर्शकाने प्राण्याची उंची पुन्हा खाली आणून ५०.१ मीटरांवर ठेवली आहे. ही माघार नव्हे. तो विचार आहे.

पहिल्या 'गोजिरा'विषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याचे नाव सर्वांना माहीत असले तरी तो पाहिलेले फार थोडे. दिग्दर्शक इशिरो होन्डा, विशेष दृश्यांची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांची, संगीत अकिरा इफुकुबे यांचे. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी तो जपानात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. त्या नौकेचा बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात मरण पावला. चित्रपटाच्या आरंभी समुद्रात एक नौका उजळून निघते व बुडते, तेव्हा टोकियोतील प्रेक्षकाला ते दृश्य कोठले आहे हे सांगण्याची आवश्यकता नव्हती.

प्राणी मात्र लगेच दिसत नाही. आधी बुडालेल्या नौका आहेत. मग बेटावरील एका म्हाताऱ्याच्या तोंडचे नाव आहे. मग वादळी रात्री मोडलेली घरे आहेत. मग पाऊल आहे: एवढा मोठा खड्डा की माणसे त्यात उभी राहून काय पाहावयाचे ते शोधतात. सरतेशेवटी गावकरी टेकडी चढून पळत असताना टेकडीच्या माथ्यापलीकडून डोके वर येते. फक्त डोके. बाकीचा देह टेकडीने झाकला आहे आणि म्हणूनच टेकडी त्याचे माप झाली आहे. आपल्या भागातील वाचकाला हा क्रम अपरिचित वाटू नये. जंगलात वाघ असाच कळतो: वाळूत उमटलेले पाऊल, झाडावर ओरबाडलेली साल, माकडाची खाकर, सांबराचे ओरडणे. ज्यांना वाघ प्रत्यक्ष दिसला त्यांच्याहून ज्यांना तो फक्त कळला अशांची संख्या कितीतरी मोठी आहे, आणि भीतीचा खरा साठा त्यांच्याजवळ असतो.

टोकियोवरील हल्ल्यात होन्डा यांनी दोन प्रसंग घातले आहेत. एका भिंतीशी बसलेली विधवा आपल्या मुलांना कवटाळून, आता लवकरच आपण बाबांजवळ जाणार आहोत, असे सांगते. मनोऱ्यावर चढलेले वार्ताहर समोर येणाऱ्या प्राण्याचे वर्णन श्रोत्यांना सांगत राहतात आणि मनोरा कोसळेपर्यंत ते वर्णन थांबत नाही. दुसऱ्या दिवशीचे रुग्णालय आहे. तेथे एका बालकाजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि ते यंत्र बोलू लागते. या प्रत्येक ठिकाणी प्राण्याचे आकारमान माणसाच्या मापाने मोजले आहे. गोजिरा केवढा? एका आईला आपल्या लेकरांना खोटा धीर देणेही शक्य होऊ नये एवढा.

नावाविषयी एक भाषिक गंमत येथेच नोंदवून ठेवतो. 'गोजिरा' हा शब्द गोरिलासाठीचा 'गोरिरा' आणि देवमाशासाठीचा 'कुजिरा' यांच्या जोडकामातून झाला आहे. मराठी कानाला मात्र त्यात गोजिरवाणे बाळ ऐकू येते. 'इ'पूर्वीचा 'ज' आपल्याकडेही तालव्य असल्यामुळे दोन्ही उच्चार जवळजवळ एक होतात. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर सिद्धान्त उभारू नये; तरीही पुढील चित्रपटांनी या प्राण्याला हळूहळू मराठी अर्थाकडे ओढून नेले, ही गोष्ट नाकारता येत नाही. १९६७ साली त्याला एक लेकरूही मिळाले. आपल्याकडे मुंबईत १९६६ साली 'गोगोला' नावाचा हिंदी चित्रपट निघाला होता. दिग्दर्शक बलवंत दवे, नायिका तबस्सुम. त्याची प्रत आज पाहावयास मिळत नाही, गाणी तेवढी उरली आहेत. नाव मात्र भाषाभ्यासकाने जपून ठेवावे असे आहे: परक्या शब्दाचा नाद उचलून त्याला घरगुती लडिवाळपणा देण्याचा तो नमुना आहे.

महाकायाची कथा माणसाच्या मापाने सांगण्याची रीत जपान्यांनी शोधली असे नव्हे. महाभारताच्या आदिपर्वातील बकासुराचे आख्यान आठवावे. एकचक्रा नगरीतील ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले आहेत त्या घराची पाळी आली आहे. गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवावयाचा आहे. व्यासांनी भीम आणि बक यांच्या झुंजीला फारसे महत्त्व दिलेले नाही. त्यांचे लक्ष आहे घरात चाललेल्या वादावर. बाप म्हणतो मी जातो. आई म्हणते मी. मुलगी म्हणते मी. आणि एवढ्यात अजून नीट बोलताही न येणारा लहान मुलगा हाती गवताची काडी घेऊन म्हणतो की हिने मी त्या राक्षसाला मारतो. त्या दुःखातही सगळ्यांना क्षणभर हसू येते. बकासुर केवढा होता हे त्या काडीने जेवढे कळते तेवढे ताडामाडांच्या उपमांनी कळत नाही. महाकायपट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे आख्यान वाचावे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पूर्वीचे ते सारे उदात्त आणि आजचे ते सारे उथळ, अशी मांडणी इतिहासाला धरून होणार नाही. १९६२ साली तोहो कंपनीनेच काँग आणि गोजिरा यांची झुंज लावली; साठ-सत्तरच्या दशकांतील कित्येक महाकायपट म्हणजे शुद्ध कुस्त्याच होत्या, आणि लहानपणी आपण त्यांच्यासाठीच हरखून बसत होतो. कुस्ती पाहण्यात गैर काय? काहीच नाही. पण त्या कुस्त्यांतही एक गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे वजन. ती तंत्रातून आली होती, म्हणून तिचा थोडा खुलासा करतो.

पन्नास मीटरांवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर येण्यास तीन सेकंदांहून थोडा अधिक काळ लागतो. दोन मीटरांवरून पडणाऱ्या वस्तूला त्याचा पाचवा हिस्सा. आता पोशाख चढविलेला दोन मीटरांचा नट जर पन्नास मीटरांचा भासवावयाचा असेल, म्हणजे प्रतिकृती पंचवीसपट लहान असतील, तर पंचविसाचे वर्गमूळ पाच, म्हणून चित्रण सुमारे पाचपट वेगाने करून नेहमीच्या गतीने दाखविले पाहिजे. तेव्हाच कोसळणारी भिंत भिंतीसारखी कोसळते. मोठा देह सावकाश हलतो, ही आपल्या डोळ्यांची अगदी आदिम समजूत आहे आणि ती पदार्थविज्ञानाला धरून आहे. त्सुबुरायांच्या पोशाखातील हारुओ नाकाजिमा हे नट जड रबराखाली घामाघूम होऊन चालत; तो जडपणाही पडद्यावर उतरला. म्हणजे आकाराचे दुसरे माप काळ आहे. ज्याला वळावयास वेळ लागतो तो मोठा.

२०२४ च्या 'गॉडझिला एक्स काँग: द न्यू एम्पायर' या ॲडम विंगार्ड यांच्या चित्रपटात गोजिरा धावतो, उड्या घेतो, आणि पृथ्वीच्या पोटातील पोकळीत गुरुत्वाकर्षण नाहीसे झाल्यावर पाखरासारखा तरंगतोही. रोममधील प्राचीन रंगमंडलात अंगाचे वेटोळे करून तो मांजरासारखा झोपतो; हे एकच दृश्य त्या चित्रपटात मला मनापासून आवडले, कारण तेथे दगडी बांधकाम त्याचे माप झाले आहे. बाकी सर्वत्र कॅमेरा प्राण्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे. दोन्ही मल्ल शंभर मीटरांचे आणि पाहणाराही शंभर मीटर उंचीवर. मग तुलनेचा वर्ग उरला कोठे? खाली शहर आहे, पण ते आखाड्यातील मातीसारखे आहे. २०२१ च्या 'गॉडझिला विरुद्ध काँग'मध्ये हाँगकाँगचे रंगीत दिवे फार देखणे दिसतात आणि त्या दिव्यांमागे राहणारे एकही कुटुंब दिसत नाही. भारतात तो चित्रपट २४ मार्च २०२१ ला, अमेरिकेच्याही आधी लागला होता. साथीने वर्षभर घरात कोंडलेल्या प्रेक्षकाला मोठ्या पडद्याचीच भूक होती. त्या आनंदाला मी नावे ठेवणार नाही. पण पडद्यावरील एवढ्या विध्वंसात मेलेले कोणी मोजीत नाही, ही गोष्ट त्या वर्षी तरी खटकावयास हवी होती.

गॅरेथ एडवर्ड्स यांच्या २०१४ च्या चित्रपटाला मात्र या रांगेत बसविणे अन्यायाचे होईल. होनोलुलूच्या विमानतळावर प्रथम एक पाऊल पडते आणि मग नजर हळूहळू वर चढत जाते. लाल धुराच्या रेघा सोडीत उंचावरून उडी घेतलेले सैनिक ढगांतून खाली येतात आणि त्यांच्या मुखवट्याच्या काचेतून तो देह ओझरता दिसतो. एडवर्ड्स यांना परिमाण कळते. त्यांची अडचण निराळी आहे. त्यांनी ज्या माणसांना मापाचा दांडा केले त्या माणसांना स्वतःचे काही नाही. नायक प्रत्येक संकटाच्या जागी योगायोगाने हजर असतो आणि कोठेच राहत नाही. दांडा आहे, पण त्यावर खुणा नाहीत. २०१९ च्या मायकेल डोहर्टी यांच्या चित्रपटाविषयी, त्यात पुष्कळ पाऊस पडतो, एवढे म्हणून पुढे जावे.

याच काळात जपानात काय झाले ते पाहणे उद्बोधक आहे. हिदेआकी आन्नो व शिंजी हिगुची यांचा 'शिन गोजिरा' २०११ च्या भूकंप, सुनामी व फुकुशिमा दुर्घटनेनंतर पाच वर्षांनी आला. त्यातील बरीचशी दृश्ये बैठकांची आहेत. प्राणी नदीतून शहरात शिरत असताना मंत्री, सचिव, तज्ज्ञ एका दालनातून दुसऱ्या दालनात जातात. प्रत्येकाचे भले लांबलचक पदनाम पडद्यावर उमटते. त्या प्राण्याचा उल्लेखही कार्यालयीन परिभाषेत होतो. मराठीत आणावयाचा तर 'महाकाय अज्ञात जीव' असा आणावा लागेल. शासकीय मराठीच्या अभ्यासकाला येथे घरी आल्यासारखे वाटेल. भाषा वस्तूला बांधू पाहते आणि वस्तू त्या भाषेच्या टेबलावरून चालत जाते. येथे आकाराचे माप शरीर नाही, टिपणी आहे: फाइल वर जाऊन खाली येईपर्यंत किती वस्त्या गेल्या, यावरून तो केवढा ते कळते. ही कल्पना अत्यंत नवी होती. चित्रपट शेवटी थोडा कोरडा राहतो हे खरे. पण तो कोरडेपणा विषयाचाच आहे.

ताकाशी यामाझाकी यांचा 'गोजिरा मायनस वन' आपल्याकडील बहुतेकांनी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर पाहिला. त्याच वर्षी विशेष दृश्यांसाठीचे ऑस्कर त्याला मिळाले. ती दृश्ये सुमारे पस्तीस जणांच्या चमूने केली होती. त्याचा नायक आत्मघाती हल्ल्यासाठी निघून माघारी फिरलेला वैमानिक आहे. बेटावर पहिल्यांदा तो प्राणी समोर येतो तेव्हा विमानाची तोफ त्याच्या हाताखाली असते आणि त्याचे बोट हलत नाही. त्या न हललेल्या बोटाचे माप तो पुढे सारा चित्रपटभर वागवतो. टोकियोच्या गिन्झा भागात वार्ताहर छपरावरून वर्णन करीत करीत खाली जातात. ही १९५४ च्या मनोऱ्याची जाणूनबुजून केलेली आठवण आहे. आणि शेवटच्या मोहिमेत निवृत्त नौसैनिक एकमेकांना सांगतात ते हे की, या वेळी कोणी मरावयाचे नाही. एका चित्रपटाने शहरे तुडवीत असताना माणसे मोजण्याचा आग्रह धरला आणि त्याचा प्राणी निम्म्या उंचीत दुप्पट मोठा झाला. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतील हा सर्वोत्कृष्ट महाकायपट होय.

हा सारा विचार चंद्रपूर-गडचिरोलीत बसून करताना एक गोष्ट सारखी डोळ्यांपुढे येते. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारातून आत गेलेला पर्यटक उघड्या जिप्सीत उभा राहून वाघ पाहतो. त्याचे डोळे जमिनीपासून दोन मीटरांहून वर असतात. वाघाची खांद्यापर्यंतची उंची एक मीटरच्या आसपास. वाघ त्याला खाली, सोनेरी, देखणा आणि काहीसा लहान दिसतो. आता मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाच्या झाडाखाली बसून फुले वेचणाऱ्या बाईची कल्पना करावी, किंवा मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यासाठी कमरेत वाकलेल्या माणसाची. तिचे डोके वाघाच्या खांद्याच्या बरोबरीला येते, कधी त्याहूनही खाली. प्राणी तोच, जंगल तेच. पण या दोन माणसांनी 'वाघ केवढा?' या प्रश्नाला दिलेली उत्तरे कधीही जुळणार नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतील. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानांसाठी गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी मारल्या गेल्या. त्याच महिन्यात जिप्सीतून काढलेल्या वाघांच्या चित्रफिती नेहमीप्रमाणे हजारोंच्या हातातील फोनवर फिरत होत्या. विंगार्ड यांच्या चित्रपटातील कॅमेरा जिप्सीत उभा आहे. होन्डा आणि यामाझाकी यांचा मोहाच्या झाडाखाली बसला आहे. माझे सौंदर्यविषयक मत यापलीकडे फारसे काही नाही.

दुर्गापूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या परिसरात तर महाकायपटाची चौकट आयती उभी आहे. प्रचंड शीतकरण-मनोरे, झुडपे, आणि त्या झुडपांतून वावरणारे वाघ व बिबटे. मनोऱ्याच्या पायथ्याशी वाघ मुंगीएवढा. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे एक कामगार वाघाने मारला आणि पाठोपाठ दुर्गापुरातील एक मुलगा बिबट्याने नेला, तेव्हा कामावरून रात्री सायकलीने परतणाऱ्यांच्या दृष्टीने मनोरेच लहान झाले असणार.

नावांकडेही याच दृष्टीने पाहता येते. पर्यटनाच्या भाषेने ताडोबातील वाघांना 'माया', 'मटकासुर' अशी नावे दिली. 'असुर' हा घटक लावूनही 'मटकासुर' हे नाव लाडकेच आहे. तो प्रत्यय येथे 'गोजिरा'च्या मराठी अर्थाच्या जवळ गेला आहे. वनखात्याची भाषा निराळी. ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीतील वडसा वनविभागात जो वाघ पकडला, ज्याच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, त्याचे नाव होते 'सीटी-१'. २०१४ च्या चित्रपटातील सैन्य आपल्या शत्रूला आद्याक्षरांचे 'मूटो' हे नाव देते ते याच रीतीने. एक भाषा प्राण्याला पात्र बनवते, दुसरी नोंद बनवते. गावाची भाषा तिसरी आहे आणि व्याकरणदृष्ट्या तीच सर्वांत सूक्ष्म आहे. मराठीत कर्ता गाळता येतो. क्रियापदाचा प्रत्यय त्याचे लिंग-वचन सांगून जातो. 'काल नाल्यावर आला होता' एवढेच कोणी म्हणतो. कोण, हे विचारावयाचे नसते. रात्री सापाचे नाव न घेता 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणावयाचे, ही त्याच जातीची रीत. पण येथे बदली शब्दही नाही, फक्त कर्त्याची रिकामी जागा आहे. टेकडीमागून अजून वर न आलेल्या डोक्याची ती जागा आहे, असे मला नेहमी वाटते.

ताडोबा हे नावही या संदर्भात विचारात घ्यावे. तारू नावाच्या गोंड गावप्रमुखावरून ते आले, असे परंपरा सांगते. हा तारू वाघाशी झालेल्या झुंजीत मेला. तळ्याकाठी त्याचे ठाणे झाले आणि पौषात तेथे यात्रा भरू लागली. पुढे १९५५ मध्ये, म्हणजे होन्डा यांच्या चित्रपटानंतरच्याच वर्षी, तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. ज्या वाघाने तारूला मारले त्याचे नाव कोणी ठेवले नाही, आणि आज जगभरचे लोक वाघ पाहण्यासाठी ज्या जागी येतात ती जागा मेलेल्या माणसाच्या नावाने ओळखली जाते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रानटी हत्तींचा एक कळप ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत उतरला आणि त्याने धानाची शेते तुडविली. येथल्या बोलींत हत्ती आतापर्यंत मुख्यतः म्हणींत, देवळांच्या कोरीवकामात, कमलापूरच्या हत्ती कॅम्पात आणि 'हत्तीबुड' या मापात होता. आता तो रात्री बांधावर उभा राहतो. त्याच्याविषयी गावकरी कोणत्या शब्दांनी बोलतात, त्याचा कर्ता वाघाप्रमाणे गाळतात काय, गोंडी-माडिया बोलणारे आणि झाडीबोली बोलणारे यांत फरक पडतो काय, हे शब्द घडत असतानाच टिपून घेण्याची संधी विभागाच्या विद्यार्थ्यांना आहे. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्यांनी धान कापणीच्या हंगामात, रात्री राखणीला बसणाऱ्यांच्या मचाणापासून आरंभ करावा. आणि नोंद करताना बोलणाऱ्याचा हात 'एवढा' म्हणताना कोठवर गेला, तेही लिहून ठेवावे.